छोट्या व्यवसायाचे ऑनलाइन दुकान : शॉपिंग कार्ट सॉफ्टवेअर निवडताना

अभनपूर (जि. रायपूर, छत्तीसगड) : रायपूरहून धमतरीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ३० वरील अभनपूर हे गाव अनेक वर्षे नॅरोगेज रेल्वेचे जंक्शन म्हणून ओळखले जात होते. धमतरीला जाणाऱ्या मार्गातून राजिमचा फाटा येथेच फुटत असे. ३० मार्च २०२५ रोजी मंदिर हसौदमार्गे अभनपूर–रायपूर मेमू गाडी सुरू झाली आणि गावातील प्रवाशांना राजधानी जवळ आली. व्यापाराची दुसरी वाट मात्र रुळांशिवायही खुली झाली आहे. याच महामार्गाने पुढे धमतरी जिल्ह्यातील नगरीचा सुवासिक दुबराज तांदूळ पिकतो. २०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. चांपा येथील कोसा रेशीम आणि बस्तरचे ढोकरा काम यांना ते त्याआधीच मिळालेले आहे. या परिसरातील छोटा व्यापारी किंवा महिला बचत गट आता नागपूर, पुणे वा ठाण्यातील ग्राहकाला थेट माल पाठवू शकतो.

तसे करायचे ठरले की पहिलाच प्रश्न उभा राहतो तो म्हणजे दुकान कोणत्या सॉफ्टवेअरवर उभारावे. जाहिरातींत सगळीच सॉफ्टवेअर सोपी, स्वस्त आणि पाच मिनिटांत दुकान उघडून देणारी दिसतात. वरवरच्या सोयींची यादीही साधारण सारखीच असते. खरा फरक तीन ठिकाणी पडतो : प्रत्येक ऑर्डरमागे किती खर्च येतो, कायद्याला मान्य होईल असे बिल निघते की नाही, आणि उद्या ते सॉफ्टवेअर सोडायचे झाल्यास ग्राहकांची यादी व मालाची माहिती दुकानदाराच्या हाती राहते की नाही. यातील तिसरा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो आणि नंतर सर्वांत महाग पडतो.

कार्ट म्हणजे नेमके काय

दुकानात सामान ठेवत फिरण्याची चाकांची गाडी अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथील किराणा व्यावसायिक सिल्व्हन गोल्डमन यांनी १९३७ मध्ये आणली. ग्राहकाच्या हातातील टोपली जड झाली की त्याची खरेदी थांबते, हे त्यांनी हेरले होते. संगणकावरील ‘कार्ट’ हे नाव तिथूनच आले. संकेतस्थळाला मात्र एक वेगळी अडचण होती. ग्राहक एका पानावरून दुसऱ्या पानावर गेला की आधी काय निवडले होते, हे संकेतस्थळाच्या लक्षात राहत नसे. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील अभियंता लू मॉन्टुली यांनी ‘कुकी’ ही छोटी नोंद शोधून काढली. ऑनलाइन दुकानाची टोपली लक्षात ठेवणे, हाच तिचा एक मूळ हेतू होता.

आजचे कार्ट सॉफ्टवेअर टोपलीपुरते मर्यादित नाही. मालाची यादी व शिल्लक साठा, दर व सवलत, कराची आकारणी, पत्ता व पिनकोडची तपासणी, पैसे स्वीकारणे, बिल, कुरिअरचे लेबल, ऑर्डरची स्थिती, परतावा आणि ग्राहकाची नोंद ही सारी कामे त्यात येतात. दुकानातील गल्ला, वहीखाते, बिलबुक आणि पाठवणीचा मुनीम एकत्र केल्यासारखे त्याचे स्वरूप असते. त्यामुळे ते निवडताना दुकानाच्या सजावटीपेक्षा वहीखात्याचा विचार आधी करावा लागतो.

चार वाटा

छोट्या व्यावसायिकापुढे आज मुख्यतः चार पर्याय आहेत.

पहिला पर्याय भाड्याच्या दुकानाचा. सॉफ्टवेअर कंपनी आपल्या यंत्रणेवर दुकान चालवून देते आणि दरमहा शुल्क घेते. कॅनडातील शॉपिफाय हे याचे ठळक उदाहरण होय. स्नोबोर्ड विकण्यासाठी स्वतःचे ऑनलाइन दुकान उभारताना चांगले सॉफ्टवेअर न मिळाल्याने टोबियास लुटके व सहकाऱ्यांनी ते स्वतःच लिहिले आणि २००६ मध्ये इतरांसाठी खुले केले. भारतात झोहो कॉमर्स, दुकान, इन्स्टामोजो यांसारख्या सेवा याच प्रकारात मोडतात. सुरक्षा, अद्ययावत करणे, सर्व्हर सांभाळणे ही कामे कंपनीकडे असतात. त्याच्या बदल्यात भाडे नियमित भरावे लागते आणि दुकानाची रचना कंपनीच्या चौकटीत राहते.

दुसरा पर्याय स्वतःच्या जागेवर बांधलेल्या दुकानाचा. वर्डप्रेसवर चालणारे वूकॉमर्स हे प्लगइन २०११ मध्ये आले. २०१५ मध्ये वर्डप्रेस.कॉम चालवणाऱ्या ऑटोमॅटिक कंपनीने ते विकत घेतले. ते मुक्त स्रोत आहे, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला किंमत नाही. ओपनकार्ट आणि प्रेस्टाशॉप ही याच वर्गातील आणखी दोन नावे. मात्र सॉफ्टवेअर फुकट असले तरी दुकान फुकट नसते. डोमेन नाव, होस्टिंग, बॅकअप, सुरक्षा आणि वेळोवेळी अद्ययावत करणारा जाणकार माणूस यांचा खर्च दुकानदाराचाच असतो.

तिसरा पर्याय बाजारपेठेतील गाळ्याचा. ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो अशा मोठ्या मंचांवर विक्रेता म्हणून नोंदणी केली की वेगळे कार्ट लागत नाही. ग्राहक तेथे आधीच हजर असतो, पण तो मंचाचा ग्राहक असतो. केंद्र सरकारच्या पुढाकाराने ३१ डिसेंबर २०२१ रोजी नफ्यासाठी नसलेली कंपनी म्हणून नोंदलेले ओएनडीसी हे जाळे यापेक्षा वेगळे आहे. तेथे विक्रेत्याचे ॲप वेगळे आणि खरेदीदाराचे ॲप वेगळे असू शकते. विक्रेता एका ॲपवर माल मांडतो आणि जाळ्यातील निरनिराळ्या खरेदीदार ॲपवर तो दिसू शकतो. एप्रिल २०२२ मध्ये दिल्ली, बंगळुरू, भोपाळ, शिलाँग आणि कोइमतूर या पाच शहरांत त्याचा प्रायोगिक आरंभ झाला. कार्ट सॉफ्टवेअर निवडताना ते ओएनडीसीला जोडता येते का, हे विचारून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

चौथा पर्याय सर्वांत साधा : व्हॉट्सॲप बिझनेसवरील कॅटलॉग आणि यूपीआयचा क्यूआर कोड. डिसेंबर २०२० पासून व्हॉट्सॲपमध्येही कार्टची सोय आहे. ग्राहक वस्तू निवडून एकत्रित यादी संदेशाने पाठवतो. साठा, कर, लेबल आणि हिशेब मात्र हातानेच करावे लागतात. दिवसाला दोन-चार ऑर्डर असतील तोवर हे जमते. पुढे चुका होऊ लागतात.

एका ऑर्डरचा हिशेब

सॉफ्टवेअर स्वस्त की महाग हे मासिक शुल्कावरून ठरवणे फसवे असते. खर्च प्रत्येक ऑर्डरवर वाटून पाहावा लागतो. समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेता येईल. अभनपूरच्या एका दुकानाची सरासरी ऑर्डर १,००० रुपयांची आहे. पेमेंट गेटवे २ टक्के घेतो. भाड्याच्या सॉफ्टवेअरचे शुल्क महिना २,००० रुपये असून प्रत्येक विक्रीवर कंपनी आणखी २ टक्के घेते. दुसरीकडे स्वतःच्या दुकानाचे होस्टिंग महिना ५०० रुपये पडते आणि देखभाल करणाऱ्याला महिना १,५०० रुपये द्यावे लागतात. शुल्कावरील जीएसटी येथे वेगळा ठेवला आहे.

महिन्याला १० ऑर्डर असतील तर भाड्याच्या दुकानात एकूण २,४०० रुपये, म्हणजे ऑर्डरमागे २४० रुपये जातात. स्वतःच्या दुकानात २,२०० रुपये, म्हणजे ऑर्डरमागे २२० रुपये. या टप्प्यावर दोन्ही परवडत नाहीत आणि व्हॉट्सॲपच बरे ठरते. ४० ऑर्डर झाल्या की हेच आकडे ९० आणि ७० रुपयांवर येतात. ४०० ऑर्डर झाल्यास भाड्याच्या दुकानाचा खर्च ऑर्डरमागे ४५ रुपये आणि स्वतःच्या दुकानाचा २५ रुपये होतो. मात्र एवढ्या विक्रीला होस्टिंगही मोठे घ्यावे लागेल.

यातून दोन गोष्टी दिसतात. विक्री कमी असताना मासिक शुल्क बोचते. विक्री वाढल्यावर टक्का बोचतो. ४०० ऑर्डरच्या वेळी भाडे २,००० रुपयेच आहे, पण दोन टक्क्यांपोटी ८,००० रुपये जात आहेत. दुसरी गोष्ट अशी की, स्वतःच्या दुकानाच्या हिशेबातून देखभालीचे १,५०० रुपये वगळले तर ते फारच स्वस्त भासते. अनेकांची फसगत येथेच होते. देखभाल कोणीच केली नाही तर तो खर्च वाचत नाही. एखाद्या दिवशी संकेतस्थळ बंद पडल्यावर तो एकदम वसूल होतो.

परदेशी भाड्याच्या सेवेबाबत एक तपशील मुद्दाम पाहावा. शॉपिफायसारखी कंपनी स्वतःची पेमेंट सेवा न वापरणाऱ्या दुकानाकडून योजनेनुसार प्रत्येक विक्रीवर वेगळा टक्का घेते. ती पेमेंट सेवा भारतातील विक्रेत्यांना उपलब्ध नसल्याने बाहेरचा गेटवे जोडणे भाग पडते आणि टक्का दोनदा जातो. शिवाय जाहिरातीतील मूळ शुल्कात न येणारी जोड-ॲप्स, सजावटीची थीम आणि संदेश पाठवण्याचा खर्च हेही जमेस धरावे लागतात.

बिल आणि जीएसटी

अभनपूरच्या विक्रेत्याचा ग्राहक रायपुरात असेल तर बिलात केंद्रीय आणि राज्य जीएसटी असे दोन भाग पडतात. ग्राहक नागपुरात असेल तर एकात्मिक जीएसटी लागतो. छत्तीसगडचा राज्य संकेतांक २२ आणि महाराष्ट्राचा २७ आहे. पाठवणीचा पत्ता पाहून सॉफ्टवेअरने हा भेद आपोआप केला पाहिजे. परदेशात तयार झालेली अनेक सॉफ्टवेअर कराचा केवळ एक दर मांडतात. त्यांत भारतीय पद्धतीचे बिल निघण्यासाठी वेगळे प्लगइन घ्यावे लागते.

तांदळाचे उदाहरण यासाठी बोलके आहे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधीच पाकीटबंद करून लेबल लावलेल्या तांदळावर ५ टक्के जीएसटी आहे. सुट्या तांदळावर तो नाही. एकाच दुकानात एकच दुबराज दोन प्रकारे विकला जात असेल तर सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नगाला वेगळा कर दर आणि एचएसएन क्रमांक देता आला पाहिजे. पाकिटावरील कमाल किरकोळ किंमत सर्व करांसहित असते. म्हणून दुकानातील दरही ‘करासहित’ या पद्धतीने भरता यायला हवा. अन्यथा पैसे भरण्याच्या पानावर छापील किमतीपेक्षा जास्त रक्कम दिसते आणि ते बेकायदा ठरते.

नोंदणीचा नियम त्याहून महत्त्वाचा आहे. वस्तूंच्या व्यापारात वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असल्यास छत्तीसगड व महाराष्ट्रात सामान्यतः जीएसटी नोंदणी लागत नाही. मात्र करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा असल्यास उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी आवश्यक ठरते. अधिसूचित हस्तकलेच्या वस्तूंना यात मर्यादित सवलत आहे. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला तर परराज्यात माल विकताच येत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यांना ई-कॉमर्स मंचावरून विक्रीची मुभा मिळाली, पण ती राज्यांतर्गत विक्रीपुरतीच आहे. म्हणजे नागपूर-पुण्याचा ग्राहक डोळ्यांपुढे ठेवून सॉफ्टवेअर घेणाऱ्याने त्याआधी करसल्लागाराकडे जाणे योग्य.

मंचावरून विक्री केल्यास करपात्र विक्रीवर मंच जीएसटीखाली अर्धा टक्का रक्कम कापून सरकारजमा करतो. १० जुलै २०२४ पूर्वी ही कपात १ टक्का होती. प्राप्तिकराखालील कपात १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का झाली आहे. या रकमा पुढे हिशेबात मिळतात, पण तोवर खेळते भांडवल अडकते. स्वतःच्या संकेतस्थळावरून स्वतःचाच माल विकताना जीएसटीखालील ही कपात लागू होत नाही.

पैसे कसे येतात

कार्ट सॉफ्टवेअर स्वतः पैसे गोळा करत नाही. ते काम पेमेंट ॲग्रिगेटर करतो आणि त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. १७ मार्च २०२० रोजी बँकेने यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. निवडलेले सॉफ्टवेअर कोणकोणत्या ॲग्रिगेटरशी जोडता येते आणि ते परवानाधारक आहेत का, हे पाहावे. एकाच गेटवेवर अडकवणारे सॉफ्टवेअर शक्यतो टाळावे. दुसरा गेटवे जोडण्याची सोय असेल तर एकाचे काम बंद पडल्यावर विक्री थांबत नाही.

१ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरील व्यवहारांना व्यापाऱ्याकडून घेतला जाणारा एमडीआर शून्य आहे. तरीही गेटवे आपल्या सेवेचे शुल्क आकारू शकतो. त्यामुळे यूपीआयसाठी प्रत्यक्ष किती कापले जाईल, हे लेखी विचारावे. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक स्वतःकडे साठवता येत नाही. त्याऐवजी टोकन वापरले जाते. कार्ड तपशील भरण्याचे पान गेटवेचे असणे दुकानदाराच्याही हिताचे आहे, कारण मग त्या माहितीचा धोका त्याच्याकडे येत नाही.

रोजच्या व्यवहारात सर्वाधिक तक्रारी येतात त्या ‘पैसे कापले गेले, पण ऑर्डर झाली नाही’ या प्रकारच्या. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार अशा फसलेल्या ऑनलाइन व्यवहाराची रक्कम पाच दिवसांत आपोआप परत व्हायला हवी. विलंब झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. सॉफ्टवेअर गेटवेकडून आलेला निरोप वाचून ऑर्डरची स्थिती स्वतःहून बदलते का, हे तपासले तर निम्मा मनस्ताप टळतो. ग्राहकाने पाठवलेले पेमेंटचे छायाचित्र हा पैसे आल्याचा पुरावा नव्हे. माल पाठवण्यापूर्वी खात्यातील किंवा गेटवेवरील नोंद पाहिलीच पाहिजे. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवावे.

पिनकोड आणि पार्सल

देशात पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे श्रेय केंद्रीय दळणवळण खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांना जाते. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचे क्रमांक ४ पासून सुरू होतात; छत्तीसगडचे ४९ पासून. अभनपूरचा पिनकोड ४९३६६१ आहे. पन्नास वर्षांपूर्वी टपाल वर्गीकरणासाठी केलेली ही योजना आज प्रत्येक ऑनलाइन दुकानाचा कणा आहे. पिनकोड टाकताच तेथे माल पोहोचेल का, किती दिवसांत आणि किती खर्चात, हे कार्टने सांगितले पाहिजे.

कुरिअर कंपन्या साधारणतः अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी दर लावतात. वजन आणि आकारमान यांतील जे जास्त भरेल ते धरतात. पेटीची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून त्याला ५,००० ने भागण्याची पद्धत रूढ आहे. पाच किलो तांदूळ जड पण आटोपशीर असतो, तर ढोकऱ्याची नाजूक मूर्ती भरावासह हलकी पण मोठी होते. ३० सेंटिमीटरच्या चौकोनी पेटीचे हिशेबी वजन ५.४ किलो भरते, मग आतली मूर्ती एका किलोची का असेना. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वस्तूचे वजन आणि पेटीचे माप भरण्याची सोय हवी. ‘सरसकट ६० रुपये’ असा दर ठेवला तर लांबच्या ऑर्डरींवर नफा निघून जातो.

कॅश ऑन डिलिव्हरीमुळे नव्या ग्राहकाचा विश्वास बसतो, पण पार्सल नाकारले गेले तर जाण्या-येण्याचा दोन्ही खर्च दुकानदारावर पडतो. ठरावीक रकमेपुरती, ठरावीक पिनकोडपुरती किंवा जुन्या ग्राहकांपुरतीच ही सोय देता येईल, असे सॉफ्टवेअर निवडावे. भारतात कार्टपेक्षा पाठवणीच अधिक अवघड, याची साक्ष एका देशी कंपनीच्या प्रवासातही मिळते. ‘कार्टरॉकेट’ या नावाने ऑनलाइन दुकानांचे सॉफ्टवेअर पुरवणारी दिल्लीची कंपनी पुढे पार्सल पाठवणीच्या सेवेकडे वळली आणि आज ती ‘शिपरॉकेट’ म्हणून ओळखली जाते.

ग्राहकाचे हक्क आणि दुकानाचे नियम

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २३ जुलै २०२० पासून लागू आहेत. स्वतःच्या संकेतस्थळावरून विकणाऱ्यालाही दुकानाचे कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क, परतीचे व परताव्याचे नियम आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव दाखवावे लागते. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करणे अपेक्षित आहे. पाकीटबंद मालाबाबत उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत असे तपशील १ जानेवारी २०१८ पासून संकेतस्थळावरही द्यावे लागतात. खाद्यपदार्थ असल्यास अन्नसुरक्षा नोंदणी किंवा परवाना लागतो. या सर्वांसाठी वस्तूच्या पानावर स्वतंत्र रकाने असणारे सॉफ्टवेअर उपयोगी पडते.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला भुलवणाऱ्या १३ क्लृप्त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. न विचारता टोपलीत देणगी किंवा विमा टाकणे, ‘फक्त दोनच नग शिल्लक’ असे खोटेच दाखवणे, खर्च शेवटच्या पानावर उघड करणे यांचा त्यांत समावेश आहे. अनेक तयार थीम व जोड-ॲप्समध्ये उलट्या मोजणीचे घड्याळ किंवा आधीच टिक केलेला चौकोन असतो. तो दुकानदाराने स्वतः लावला नसला तरी दुकान त्याचे असल्याने जबाबदारीही त्याच्यावरच येऊ शकते. शिवाय त्यात धंद्याचेही हित नाही. डेन्मार्कमधील बेमार्ड संस्थेच्या अनेक वर्षांच्या पाहणीनुसार टोपली भरलेल्या दर दहापैकी सुमारे सात खरेदी अर्ध्यावर सोडल्या जातात. केवळ चाळत बसणारे वगळता, ऐनवेळी वाढलेला खर्च हे त्याचे सर्वांत मोठे कारण आढळते.

ग्राहकाचा पत्ता आणि फोन क्रमांक ही जोखमीची ठेव आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. ग्राहकाने सांगितल्यास त्याची माहिती पुसता येते का आणि कोणत्या कर्मचाऱ्याला ती दिसते हे ठरवता येते का, हे आत्तापासूनच विचारणे बरे.

सोडून जाण्याची सोय

ऑनलाइन दुकान उघडताना बंद करण्याचा विचार कोणी करत नाही. पण सॉफ्टवेअरही बंद होते. ॲमेझॉनसारख्या बलाढ्य कंपनीने छोट्या दुकानांसाठी चालवलेली ‘वेबस्टोअर’ सेवा २०१६ मध्ये गुंडाळली आणि दुकानदारांना दुसरीकडे जावे लागले. मॅजेन्टो हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर २००८ मध्ये आले व जगभर पसरले. २०१८ मध्ये ॲडोबीने ते विकत घेतले आणि त्याच्या पहिल्या आवृत्तीला जून २०२० नंतर सुरक्षा दुरुस्त्या मिळणे थांबले. ज्यांनी नव्या आवृत्तीवर जाण्याचा खर्च टाळला, त्यांची दुकाने कार्डांची माहिती चोरणाऱ्या टोळ्यांच्या निशाण्यावर आली. म्हणजे भाड्याचे दुकान असो वा स्वतःचे, कायमचे असे काहीच नसते.

यावर उपाय साधा आहे. डोमेन नाव दुकानदाराच्या स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर नोंदवावे. सॉफ्टवेअर कंपनीच्या किंवा संकेतस्थळ बनवून देणाऱ्या मुलाच्या नावावर नव्हे. २७ ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ हे डोमेनही मिळते. ते हौसेने घेतले तरी जोडीला सोपे रोमन नाव असावे. मालाची यादी, छायाचित्रे, ग्राहकांची यादी आणि ऑर्डरचा इतिहास दर महिन्याला साध्या तक्त्याच्या स्वरूपात उतरवून संगणकावर ठेवावा. असा तक्ता काढू न देणारे किंवा त्यासाठी वेगळे पैसे मागणारे सॉफ्टवेअर कितीही स्वस्त असले तरी नाकारावे. ग्राहकांची यादी हीच छोट्या व्यापाऱ्याची खरी पुंजी. ती हाती असेल तर दुकान आठवड्यात दुसरीकडे उभे राहते. ती नसेल तर पाच वर्षांची ओळख एका रात्रीत पुसली जाते. मोठ्या बाजारपेठेत गाळा घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण तेथे ग्राहकाशी थेट संबंध मंच सहसा राहू देत नाही.

निवडीपूर्वीची चाचणी

बहुतेक सेवा काही दिवस विनामूल्य वापरू देतात. तो काळ रंगसंगती ठरवण्यात घालवण्याऐवजी पाच कामे करून पाहावीत. साध्या मोबाईलवर, कमजोर नेटवर्कवर एक वस्तू खरेदी करावी आणि किती वेळ लागतो ते मोजावे. एक ऑर्डर रायपूरच्या आणि एक नागपूरच्या पत्त्यावर टाकून दोन्ही बिले करसल्लागाराला दाखवावीत. एक खरे पेमेंट करून ते रद्द करावे आणि परतावा कधी मिळतो ते पाहावे. ग्राहकांची यादी उतरवून घ्यावी. शेवटी, संध्याकाळी सात वाजता मदत केंद्राला हिंदीत किंवा मराठीत एक प्रश्न विचारावा आणि उत्तर माणसाकडून येते की नाही, हे पाहावे.

ज्यांच्या ऑर्डर महिन्याला वीसच्या आत आहेत, त्यांनी व्हॉट्सॲप कॅटलॉग आणि व्यवस्थित वही यांपासून सुरुवात करावी. जोडीला बाजारपेठेत किंवा ओएनडीसीवर माल मांडून मागणी जोखावी. ऑर्डर नियमित येऊ लागल्यावर, तांत्रिक माणूस हाताशी नसेल तर भाड्याचे दुकान सोयीचे. विश्वासू जाणकार असेल आणि विक्री वाढती असेल तर स्वतःचे दुकान दीर्घकाळ स्वस्त पडते. वाट कोणतीही घेतली तरी डोमेन नाव, ग्राहकांची यादी आणि हिशेब या तीन चाव्या दुकानदाराच्याच खिशात राहिल्या पाहिजेत.